पहिलं बटण

सीटी ती सीटी, तिच्यात एवढं काय बघायचं, असं जो म्हणतो त्याला त्याच सीटीच्या पॅनलसमोर नेऊन उभं करावं, असं माझं जुनं मत आहे. मत कसलं, रागच आहे. आमच्या अक्कलकोट रोडच्या वर्कशॉपमध्ये सगळे म्हणतात, दाक्षायणी मॅडमचं डोकं कायम तापलेलं. असेना का. सोलापुरात पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात अकरा केव्हीची पॅनलं तपासून दाखवा, मग माझ्या डोक्याबद्दल बोलू.

पण ही गोष्ट मे महिन्यातली नाही. यंदाच्या दसऱ्याची आहे, आणि त्या वेळी मी जेवढी तापले तेवढी कुठल्याच उन्हात तापले नव्हते.

आधी सीटी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही. सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. दिसायला विटेएवढा तपकिरी ठोकळा. कारखान्याच्या मुख्य लाईनमधून जो करंट वाहतो तो थेट मोजायला गेलं तर मोजणारं यंत्रच जळेल, म्हणून हा ठोकळा त्याचं लहान रूप करून पुढं पाठवतो. ह्यात दोन जाती. एक मीटरसाठी, दुसरी संरक्षणासाठी. मीटरची सीटी रोजचा करंट अगदी काटेकोर दाखवते, पण करंट एकाएकी दहा-वीस पट झाला की ती तोंड मिटते. मुद्दामच तशी केलेली असते, पुढचं मीटर वाचावं म्हणून. संरक्षणाची सीटी उलटी. रोजच्या मापात जरा ढिली, पण कुठं केबल फुटली, शॉर्ट झालं, करंट उसळला, की ती उसळी जशीच्या तशी रिलेला कळवते, आणि रिले पापणी लवायच्या आत ब्रेकर पाडतो, म्हणजे वीजच तोडतो. आता संरक्षणाच्या जागी मीटरची बसवली तर? रोज सगळं उत्तम चालेल. महिने चालेल, वर्षं चालेल. आणि ज्या क्षणी तिनं बोंब मारायची त्याच क्षणी ती गप्प बसेल. रात्रभर शिट्ट्या मारत फिरणारा आणि चोर आला की घोंगडं डोक्यावर ओढून घेणारा रखवालदार असतो ना, तशी.

बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. रेशो तोच, रंग तोच, बोल्टांची भोकं तीच. फरक वर चिकटवलेल्या पट्टीवरच्या दोन-चार अक्षरांत असतो आणि बाकीचा पोटात.

आमच्याकडं सीटी मागवायची रीत म्हणजे दुकानदाराला फोन लावायचा आणि म्हणायचं, 'शंभर बाय पाच पाठवून द्या.' म्हणजे शंभर अँपियरचे पाच करणारी. कसल्या कामाला, कुठल्या जातीची, कुणी बोलत नाही. मी मात्र दर वेळी सगळं सांगते आणि समोरच्याकडून म्हणून घेते. शहाजी, नवी पेठेमागच्या गल्लीतला आमचा दुकानदार, मला चिडवतो, 'ताई, तुमी सीटी घेताय का सून बघताय? कुळ-गोत्र सगळं इचारता.' मी म्हणते, सून परत माहेरी पाठवता येते, पॅनल फुटल्यावर काय परत पाठवू?

तर यंदा चिंचोळीच्या एका टॉवेल कारखान्याचं पॅनल आमच्याकडं होतं. मालक सोमेश, तरुण पोरगा, वडिलांच्या हातमागावरून इथवर आलेला. त्याला दसऱ्याच्याच मुहूर्तावर नवं पॅनल चालू करायचं होतं, आणि आमचे शेठ, अमृतशेठ, त्याला शब्द देऊन बसले होते. संरक्षणाच्या सीटी दिवाळीशिवाय मिळणार नव्हत्या, बनवणाऱ्यांकडं रांग लागलेली. हे मी शेठना सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. तरी दसऱ्याला चार दिवस राहिले असताना सीटींचं खोकं टेबलावर हजर. पट्टी चकाचक, संरक्षणाची.

'कुठून मिळाल्या?' मी विचारलं.

'मिळाल्या एकदाच्या. ओळखीनं,' शेठ म्हणाले आणि फोन कानाला लावून बाहेर गेले.

मला तेव्हाच वास यायला हवा होता. आला नाही, कारण अमृतशेठवर माझा विश्वास होता. खोटं कशाला बोलू. ह्या माणसानं लॉकडाऊनमध्ये एकाही माणसाला घरी बसवलं नाही. माझ्या आईच्या ऑपरेशनला दवाखान्याच्या बाकावर माझ्याबरोबर बसून राहिला. त्यामुळंच पुढं जे झालं त्याचा मला इतका संताप आला. परक्यानं केलं असतं तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

सीटी पॅनलमध्ये बसवल्या बिभीषणभाऊंनी. बिभीषणभाऊ मोडनिंबचे, आमचे सगळ्यात जुने वायरमन. हात सोन्याचा आणि देवधर्म फार. दर वर्षी खांडेनवमीला सगळी हत्यारं तेच धुतात, पुसतात, पांढऱ्या चादरीवर मांडतात, आणि एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणाची माय व्यालीय हात लावायला! एका वर्षी शेठची स्कूटर बंद पडली. त्यांनी पूजेतला स्क्रू ड्रायव्हर मागितला तर बिभीषणभाऊंनी स्कूटर ढकलत गॅरेजपर्यंत नेऊन दिली, पण ड्रायव्हर दिला नाही.

बसवलेल्या सीटी मी तपासायला घेतल्या. डिमरस्टॅट लावला, म्हणजे मूठ फिरवून व्होल्टेज हळूहळू वाढवायचं यंत्र. संरक्षणाची सीटी असेल तर ती बराच वेळ दम धरते, करंटची सुई जागची हलत नाही. मी मूठ जरा कुठं फिरवली आणि सुई धावत सुटली. दुसरी सीटी, तेच. तिसरी, तेच.

'भाऊ, वायरी बरोबर लावल्यात ना?'

'मॅडम, लेकाची आन. तुमीच बघा की.'

वायरी बरोबर होत्या. मी चष्मा वर केला, खिडकीजवळच्या पहिल्या सीटीच्या पट्टीवर नख लावलं. कोपरा सुटला. खाली दुसरी पट्टी होती, खरी. मीटरची.

अंगाची लाहीलाही झाली. मी तशीच रिक्षा केली आणि नवी पेठ गाठली. दसऱ्याची गर्दी, सगळीकडं साड्या आणि झेंडूचे ढीग, आणि त्यातून मी शिव्या पुटपुटत चाललेली. शहाजी गल्ल्यावर होता. मी काउंटरवर हात आपटला.

'पट्ट्या बदलून माल विकायला लागलास? कधीपासून?'

त्याचा चेहरा पडला. 'ताई, आदी बसा तरी. पानी आन रं. ताई, मी मीटरचाच माल म्हनून दिलाय. तोंडानं सांगून दिलाय. अमृतशेटनीच तसा मागितला.'

'आणि पट्टी?'

'पट्टी माझी न्हाय. माझ्या लेकरांची शप्पत न्हाय. शेट म्हनले, तू माल दे, बाकीचं माझ्याकडं लागलं.'

तो खरं बोलत होता. दुकानदार असला तरी माझ्यासमोर त्याचं खोटं टिकत नाही. मी पाणी न पिता उठले. जाताना तो म्हणाला, 'ताई, माझं नाव नका घिऊ हं.' त्याला त्याच्या नावाची पडली होती. मला हसू आलं असतं, पण दात एकमेकांवर इतके घट्ट आवळले होते की हसायला जागा नव्हती.

शेठ केबिनमध्ये होते. मी दार लावून घेतलं, तेव्हाच त्यांना कळलं.

'बस,' ते म्हणाले.

'बसत नाही. पट्ट्या कुणी छापल्या?'

पेपरवेट फिरवत ते म्हणाले, 'दिवाळीत खऱ्या सीटी येतायत. आल्या की एका रविवारी जाऊन बदलून टाकू. सोमेशला कळायचंही नाही. महिन्याभराचा तर प्रश्न आहे, दाक्षायणी.'

'आणि महिन्यात फॉल्ट आला तर?'

'मागं सबस्टेशन आहे ना? त्यांचा ब्रेकर पडेल.'

'पडेल, पण उशिरा. तोवर इथं पॅनलच्या पोटात वेल्डिंगसारखा जाळ होईल. दार उडेल. समोर माणूस असेल तर?'

'कोण उभं राहतंय चोवीस तास पॅनलसमोर? तू उगाच वाईट चिंततेस. इतकी वर्षं धंदा करतोय, किती फॉल्ट बघितलेस?'

'बघितलेला एकच पुरतो,' मी म्हणाले. 'त्या माणसाला आता डोळे नाहीत.'

हे ऐकून ते चिडले. चिडले की मला मॅडम म्हणतात. 'मॅडम, तुमची सही नको मला. टेस्टच्या कागदावर मी करतो. आणि सोमेशला सांगायचं असेल तर खुशाल सांगा. उद्या शेडला कुलूप लागलं की बिभीषणला घरी जा म्हणून सांगायला तुम्हीच या.'

ही त्यांची युक्ती मला ठाऊक होती. माझ्या रागाच्या आड दुसऱ्याचं पोट आणून उभं करायचं. मी दार आपटून बाहेर आले, पण गप्प आले, आणि त्या गप्पपणाचा मला घरी जाऊन भाकरी थापताना इतका राग आला की निम्म्या भाकरी फाटल्या. सोमेशला फोन लावला आणि वाजायच्या आत कट केला. शेवटी ठरवलं, दसऱ्याला पॅनल चालू व्हायच्या आधी शेठना पुन्हा एकदा गाठायचं, सगळ्यांसमोर गाठायचं. नाही ऐकलं तर सोमेशला तिथंच, मांडवात सांगायचं. मग लागू दे कुलूप.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. शेठनी पहिलं मोठं पॅनल विकलं तेव्हा त्यांची मुलगी ऋतुजा शाळेत जायला लागली होती. शेठनी तिला कडेवर घेऊन हिरवं बटण तिच्याकडून दाबून घेतलं. ते पॅनल असं चाललं की कामांची रीघ लागली. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या पॅनलचं पहिलं बटण ऋतुजा दाबते. ती नसेल तर गिऱ्हाइकाच्या घरातली, कारखान्यातली, कुणाची तरी लेक. शेठ सगळ्यांना सांगत सुटतात, 'लेकीच्या हाताला यश असतं.' मलाही ती रीत फार आवडायची. ऋतुजाचे त्या बटणापाशी काढलेले फोटो केबिनमध्ये रांगेनं लावलेत, कडेवरच्या फोटोपासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत.

खांडेनवमीला सकाळी मी पोचले तर शेड झेंडूनं भरलेली. बिभीषणभाऊंनी पांढऱ्या चादरीवर पाने, पक्कड, क्रिम्पिंगची हत्यारं, सगळं ओळीनं मांडलं होतं. डिमरस्टॅटलासुद्धा हार घातला होता. ते बघून माझं टाळकं पुन्हा सरकलं. त्या बिचाऱ्या यंत्रानं जे खरं ते सांगितलं होतं. सांगणं केरात टाकायचं आणि यंत्राला हार घालायचा.

ऋतुजा पुण्याहून आली होती. 'दाक्षीमावशी!' म्हणून गळ्यात पडली. 'उद्या सोमेशदादाच्या कारखान्यात तूही येतेस ना? मी आईची इरकल नेसणार आहे. बाबा म्हणाले, फोटोग्राफर सांगितलाय.'

'कुठं उभी राहणार गं तू बटण दाबताना?'

'नेहमीसारखी. पॅनलला खेटून. का?'

शेठ आरतीचं ताट घेऊन पूजेजवळ आले होते. कापूर पेटवला होता. सगळी माणसं हात जोडून उभी. मी पुढं झाले.

'शेठ, उद्या पहिलं बटण ऋतुजाच दाबणार ना?'

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ताट हातात तसंच.

'मागं सबस्टेशन आहे, पॅनलसमोर कोण उभं राहतंय, असं तुम्ही म्हणालात. उद्या ही उभी राहणार आहे. खेटून. दाबू दे ना तिला?'

कापूर जळत राहिला. शेठनी ताट चादरीच्या कडेला ठेवलं. केबिनमध्ये मी जे त्यांच्या कानीकपाळी ओरडले होते ते सगळं त्यांना एका क्षणात कळलं, असं कुणाला वाटेल. मला तसं वाटलं नाही. त्यांच्या तोंडाकडं बघताना मला स्पष्ट दिसलं, की हे त्यांना पहिल्यापासून कळत होतं.

'सोमेशला मी फोन करतो,' ते खालच्या आवाजात म्हणाले. 'दसऱ्याचं रद्द. दिवाळीनंतर बघू.'

मी जिंकले होते. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी डोळ्यांतून पाणी यायला लागलं, संतापाचं. 'म्हणजे तुम्हाला माहीत होतं,' मी म्हणाले. 'केबिनमध्ये मला शिकवत होतात तेव्हाही माहीत होतं. सोमेशच्या कामगाराची पोरगी असती तर चाललं असतं. तुमची म्हटल्यावर दसरा रद्द.'

'मावशी, काय झालंय?' ऋतुजानं विचारलं.

मी तिला सांगितलं. शेठ 'नंतर, नंतर' करत होते, पण मी सगळ्यांसमोर सांगितलं, पट्टीखालच्या पट्टीसकट. पोरगी इलेक्ट्रिकलचीच, तिला समजायला वेळ लागला नाही.

तेवढ्यात बिभीषणभाऊ घसा खाकरून म्हणाले, 'मॅडम, एक सांगायचं ऱ्हायलं. जेऊरच्या पॅनललाबी असल्याच पट्ट्या हुत्या. कोपरा वाईच उचलल्याला. मला वाटलं कंपनीतनंच आला आसंल तसा.'

जेऊरचं पॅनल केळीच्या कोल्ड स्टोरेजचं. ते गेलं तेव्हा मी भाचीच्या लग्नासाठी रजेवर होते. ते सुरू होऊन कितीतरी दिवस झाले होते.

'शेठ?'

'ते व्यवस्थित चालू आहे,' शेठ घाईनं म्हणाले. 'एवढे दिवस चाललंय. त्याचंही दिवाळीत करून टाकू. उगाच आता...'

मी फोन काढला, येडूभाऊंना लावला आणि स्पीकर चालू केला. येडूभाऊ तिथले ऑपरेटर. स्टोरेजच्या आवारातच राहतात. धनगराचा भला माणूस, दोन मेंढरं अजून दारात बांधलेली.

'रामराम मॅडम! लई दिसानं सय झाली.'

'येडूभाऊ, पॅनल कसं चाललंय?'

'झ्याक चाललंय की. फकस्त कालधरनं खालच्या केबलच्या डब्यातनं तडतड वाजतंय. हितं ओल लई न्हवं का. सकाळीच शेटला फोन केलाता. म्हनले, दसरा झाल्यावर मानूस धाडतो.'

केबलच्या डब्यात तडतड म्हणजे फॉल्ट दारात येऊन उभा आहे. हे शेठना सकाळीच कळलं होतं, आणि त्यानंतर ते आंघोळ करून, कुंकू लावून पूजेला आले होते.

'येडूभाऊ, पॅनलचं पहिलं बटण कुणी दाबलं होतं?'

'आमच्या मायाक्कानं की!' त्यांचा आवाज फुलला. 'शेट म्हनले, येडू, तुज्या लेकीलाच बोलीव, लेकीच्या हाताला यश आस्तं. बारावीला हाय न्हवं ती. लई खूश झालती. फोटू लावलाय घरात.'

'शेठ कुठं उभे होते तेव्हा?'

'शेट व्हय? शेट भाईर गाडीपशी. त्येंचा फोन आलता मंबईचा.'

ऋतुजानं तोंडावर हात धरला. मला त्या वेळी शेठकडं बघवलं नाही. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, 'मायाक्का बरी आहे ना? कुठंय?'

'ही काय हितंच. खांडेनवमी न्हाय का आज, पॅनलची पुजा मांडलीया तिनं. म्होरंच बसलीया, हार घालतीया.'

मी फोन तोंडाजवळ ओढला.

'तिला उठवा.'

'आँ?'

'येडूभाऊ, हार राहू दे, पूजा राहू दे, दिवा राहू दे. तिला आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. तुम्हीही बाहेर या. मी सांगते ते ऐका!'

मी किंचाळत होते. पलीकडं येडूभाऊंचा आवाज लांब गेला, 'माये, ए माये, ऊठ, भाईर ये.' मग पोरीचा आवाज, अगदी स्वच्छ, 'थांबा की आप्पा, आरती ऱ्हायलीया.' मग येडूभाऊ ओरडले, 'ऊठ म्हनतो न्हवं!' घंटी खाली पडल्याचा आवाज आला. चप्पल ओढत कुणीतरी पळालं. मग नुसता खरखराट. आरतीच्या ताटातला कापूर विझून वास सुटला होता.

'आली भाईर,' येडूभाऊ धापा टाकत म्हणाले. 'काय झालं वं मॅडम? पोरगी घाबरलीया.'

मी खुर्ची ओढून बसले. लाईनमनला फोन करून बाहेरच्या खांबावरूनच लाईन पाडायला, वीज बंद करायला सांगा, म्हणाले, तोवर खोलीत पाऊल टाकू नका. जुनं पॅनल अजून भिंतीला आहे, आम्ही येऊन लोड त्याच्यावर घेतो.

'आन केळी? सगळा माल काळा पडंल की. शेटला इचारू का?'

'शेठ इथंच आहेत,' मी म्हणाले. 'विचारा.'

मी फोन शेठच्या तोंडापुढं धरला. शेठनी मान हलवली, फोनला, जणू येडूभाऊंना ती दिसणार होती. मग कसंबसं म्हणाले, 'मॅडम सांगतात तसं कर.'

फोन ठेवल्यावर त्यांना आवाज सापडला. 'लाईन पडली की धोका संपला. आज खांडेनवमी आहे, हत्याराला हात लावत नाहीत. केळी रात्रभर टिकतील. उद्या पहाटे निघा, मी स्वतः...'

'शेठ,' बिभीषणभाऊ म्हणाले.

एवढंच म्हणाले. ते चादरीपाशी गेले, खाली वाकले, हत्यारांना हात जोडले. मग झेंडूची फुलं बाजूला सारून मोठा पाना उचलला. त्याच्या मागोमाग पक्कड, टेस्टर, एकेक करून. हळदकुंकू पुसलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांत ज्या माणसानं मालकाला स्क्रू ड्रायव्हर दिला नव्हता, त्यानं पूजेची निम्मी चादर रिकामी केली आणि सगळं पिशवीत भरलं. त्यांचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. देवाची माफी मागत होते की शेठना शिव्या घालत होते, मला विचारायचं धाडस झालं नाही.

ऋतुजानं टेबलावरची गाडीची किल्ली उचलली.

'मी चालवते. मावशी, चल.'

'तू नको,' शेठ एकदम म्हणाले. 'त्यांना जाऊ दे. तू नको जाऊस तिथं.'

'का?'

शेठनी किल्लीसाठी हात पुढं केला.

'का नको जाऊ, बाबा? एवढे दिवस व्यवस्थित चाललंय ना?'

ते तिच्याकडं बघत होते, मग माझ्याकडं, मग रिकाम्या चादरीकडं. सगळी माणसं उभी होती. मी पिशवी घेऊन दाराशी थांबले. जेऊर लांब, ऊन चढत होतं, पण मी पाऊल उचललं नाही. त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी हलणार नव्हते.

'जिवाला धोका आहे तिथं,' अमृतशेठ म्हणाले.

ऋतुजानं मान डोलावली, केबिनमध्ये जाऊन भिंतीवरचा स्वतःचा कडेवरचा फोटो काढून त्यांच्या टेबलावर पालथा ठेवला आणि गाडीकडं निघाली. मोडनिंबच्या पुढं गेल्यावर येडूभाऊंचा फोन आला, लाईन पडली म्हणून. मागच्या सीटवर बिभीषणभाऊ पाना मांडीवर घेऊन बसले होते आणि त्याचं कुंकू त्यांच्या पांढऱ्या पायजम्याला लागलं होतं. फोनवर मागून मायाक्का विचारत होती, राहिलेली आरती कधी करायची. मी म्हणाले, बाई, त्या पॅनलची आरती करू नको. खऱ्या सीटी लागेपर्यंत त्याच्याकडं बघूसुद्धा नको.